फंकी

दादरच्या दुकानात विक्रेत्याने फुलाफुलांचा भडक शर्ट पुढे धरला. "घ्या काका, एकदम फंकी आहे!" काकांना आधी आठवली ती हिंग्वाष्टकाची फक्की.

सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'फंक' म्हणजे उग्र, कोंदट वास, त्यातही तंबाखूच्या धुराचा. त्याचे मूळ बहुतेक जण लॅटिन 'फ्यूमस'पर्यंत, म्हणजे धुरापर्यंत नेतात. हा फ्यूमस आपल्या संस्कृत 'धूम'चा सख्खा भाऊ. अभ्यासक रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन मात्र आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेतल्या 'लु-फुकी'कडे बोट दाखवतात. तोही अंगाचा वासच, पण कष्टकऱ्याच्या घामाचा, म्हणून कौतुकाचा.

फंक नावाच्या संगीताला हाच अर्थ शोभतो. न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डनच्या बँडचे एक गाणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'फंकी' या शब्दाने ओळखले जाई. पुढे जॅझवाल्यांनी 'फंकी'ची शाबासकी केली. मग गायक जेम्स ब्राऊनने रिदम अँड ब्लूजमधला सगळा जोर पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, आणला. त्याच्या 1967 च्या गाण्याचे नाव 'कोल्ड स्वेट'. पुन्हा घामच!

मराठीत येईतो वास उडाला, रंग तेवढा उरला. चष्मा फंकी, मोबाइलचे कव्हर फंकी, केसही फंकी. काकांनी शर्ट घेतला. काकूंनी मात्र त्याला 'भडक' हाच जुना शब्द वापरला.