टोपीकरांचा जमाखर्च

आम्हा बँकवाल्यांना एक खोड असते. कुणी लढाईची गोष्ट सांगू लागला, की आमचं लक्ष तलवारीकडे नसतं. बिल कुणाच्या नावे पडलं, इकडे असतं. १८५७ चंच घ्या. झाशीची राणी, तात्या टोपे सगळं शाळेत झालं. पण इंग्रजांच्या दारूगोळ्याचे पैसे कुणी भरले, हे एकाही मास्तरांनी सांगितलं नाही.

भरले आपणच. ज्यांच्यावर तोफा डागल्या, त्यांच्याच खाती गोळ्यांचा खर्च!

बंडापायी सरकार कर्जात बुडालं, तेव्हा १८५९ च्या अखेरीस जेम्स विल्सन नावाचे साहेब कलकत्त्याला आले. मूळ धंदा टोप्यांचा. आपले पूर्वज इंग्रजांना टोपीकर म्हणत, ते या एका साहेबाच्या बाबतीत तरी अक्षरशः खरं! १८३७ साली निळीच्या व्यापारात त्यांचे हात चांगलेच पोळले होते. पुढे त्यांनी ‘इकॉनॉमिस्ट’ काढलं, चार्टर्ड बँक काढली. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी अंदाजपत्रक मांडलं आणि प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० रुपये मिळवणाऱ्याला शेकडा २, पाचशेच्या वर शेकडा ४. आधार कुणाचा? साक्षात मनूचा! वसुलीची वेळ आली, की साहेबालाही आपली शास्त्रं पाठ होतात.

मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांना हा कर पटेना. त्यांनी आपला विरोध सरळ वर्तमानपत्रांत छापून आणला. कचेरीतलं भांडण चव्हाट्यावर! विलायतेने त्यांना परत बोलावलं. इकडे कायदा लागू होऊन महिना होतो न होतो, तोच ऑगस्टमध्ये विल्सनसाहेब कलकत्त्यातच आमांशाने वारले.

आणि खरी गंमत पुढेच. १८६३ मध्ये विल्सनांच्याच खुर्चीवर येऊन बसले कोण? तर ट्रेव्हेलियन! ज्या करापायी नोकरी गेली, तोच कर दोन वर्षं वसूल करणं नशिबी आलं. १८६५ मध्ये तो बंद झाला खरा. पण १८८६ मध्ये पुन्हा आला, तो कायमचा. बंड शमलं, कर्जं फिटली, टोपीकरही गेले; खातं मात्र चालूच आहे.

विल्सनांची कबर पुढे लोक विसरून गेले. २००७ च्या सुमारास ती कोलकात्यात शोधून काढली, ती प्राप्तिकर खात्याच्याच एका अधिकाऱ्याने. हे खातं शोधायला निघालं, की दीडशे वर्षांनीसुद्धा माणूस सुटत नाही!