‘जात’ आणि ‘प्रकार’ : ब्रिटनच्या श्वान-कायद्यातील एक संज्ञा

ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक श्वान अधिनियमात ‘जात’ हा शब्द टाळून ‘प्रकार’ ही संज्ञा योजिलेली आहे. पिट बुल टेरिअर हा त्यांतील प्रमुख प्रकार. १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने ही संज्ञा ‘जाती’हून व्यापक ठरविली, साहजिकच वंशावळीपेक्षा देहाचे मोजमाप निर्णायक झाले. त्याहून गंभीर गोष्ट ही की, आपले कुत्रे त्या प्रकारचे नव्हे हे सिद्ध करण्याचा भार आरोपी मालकावरच पडला. फौजदारी न्यायाच्या सामान्य तत्त्वाशी हे विसंगतच होय. शिवाय दोषसिद्धीनंतर कुत्र्याचा वध प्रारंभी अनिवार्य होता. न्यायाधीशांना तारतम्याचा अधिकार मिळाला तो १९९७ मध्ये. मोजपट्टी मात्र टिकली. २०२३ अखेर इंग्लंड-वेल्समध्ये ‘एक्सएल बुली’वर निर्बंध आले, तेव्हा शासकीय व्याख्येत प्रौढ नराची किमान उंची ५१ सेंटिमीटर व मादीची ४८ सेंटिमीटर नमूद झाली.