परप्रांतीचे गाणे मराठी कसे झाले?

ख्यालगायन हे मूळचे महाराष्ट्राचे नव्हे. दिल्ली, ग्वाल्हेर, आग्रा येथे ते वाढले. त्याच्या चिजांची भाषा बहुधा ब्रज, आणि त्याचे अनेक थोर उस्ताद मुसलमान. असे असता गिरगाव-दादरच्या मराठी श्रोत्याने ते आपले का मानले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पहिले कारण आश्रयाचे. १८५७ नंतर उत्तरेत जुने दरबार खचले आणि इकडे मुंबईत पैसा वाढला. मुरादाबादकडील छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू येथे स्थिरावले आणि भेंडीबाजार या वस्तीचेच नाव त्यांच्या घराण्यास मिळाले. उलट बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे मराठी गवई उत्तरेची वाट चालून विद्या घेऊन आले.

पण गवई आला म्हणून श्रोता तयार होत नाही. तो तयार केला रंगभूमीने. १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनी, तर १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. चिजेचा अर्थ न कळणाऱ्या प्रेक्षकाच्या कानी राग बसला तो मराठी पदांतून. शाळाही निघाल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास काढलेले गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईतही सुरू झाले. भातखंडे वकिलांनी चिजा स्वरलिपीत छापल्या. गाणे आता घरंदाज मुलामुलींनी शिकण्याजोगे ठरले.

इंग्लंडच्या उत्तरेकडील कारखान्यांच्या गावांतही १९६० नंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल संगीत असेच रुजले. दूरचे गाणे तेथील श्रमिक तरुणांनी आपल्या रात्रींचे केले.

आमच्या मुंबईत मात्र थोडे निराळे घडले. येथे ख्यालाला मान मिळाला तो पांढरपेशांच्या दिवाणखान्यात. त्याच वेळी लालबाग-परळच्या गिरणी कामगारांची लावणी आणि शाहिरी, भाषेने अस्सल मराठी असूनही, दाराबाहेर राहिली. शिवाय अल्लादिया खाँसाहेबांची विद्या ज्यांनी पेलली, त्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोमंतकातील कलावंत घराण्यांतून आलेल्या. त्यांचे गाणे समाजाने आनंदाने ऐकले. त्या घराण्यांना बरोबरीचे स्थान देण्यास मात्र तो फार कचरला.

परके गाणे आपले करणे ही रसिकता खरीच. परंतु गाणे घेताना ते आणणाऱ्या माणसांनाही आपले म्हणावे, तेव्हाच ती पुरी झाली असे आम्ही समजतो.