पोतोसी: डोंगरातून आलेला रुपया

बोलिव्हियातल्या सुक्रे शहरात स्पॅनिश शिकायला गेलेली मुलं वीकेंडला बस पकडून पोतोसीला जातात. उंची सुमारे ४,००० मीटर. चार पायऱ्या चढलं की धाप लागते. समोर सेरो रिको, म्हणजे 'श्रीमंत डोंगर'. १५४५ मध्ये इथे चांदी सापडली. १५७०च्या दशकात स्पॅनिश सत्तेने इंकांच्या काळची 'मिता' पद्धत वेठबिगारीसाठी वापरली. गावोगावच्या मूलनिवासी पुरुषांना पाळीपाळीने खाणीत जुंपलं. अमेरिकेतली ही चांदी जहाजांनी गोवा-सुरतेपर्यंत आली, टांकसाळीत वितळली आणि तिचा मुघली रुपया झाला. म्हणजे आपल्याकडच्या बाजारात खणखणणाऱ्या त्या रुपयात पोतोसीच्या मजुरांचाही घाम होता. त्या डोंगरात खाणकाम आजही चालूच आहे.