'डिसमिस', बडतर्फ आणि बरखास्त

लोणी हें आंबेगांव तालुक्यांतील गांव जुन्या जुन्नर मुलखाच्या सान्निध्यांत आहे. बहामनी अमदानींत या मुलखाच्या कारभारांत फारसी शब्द शिरले, आणि १४९० मध्यें मलिक अहमदानें जुन्नर येथें निजामशाहीची स्थापना केल्यावर ते अधिकच रुळले. त्यांपैकीं पुष्कळ शब्द उर्दूंत व मराठींत आजही नांदत आहेत. मात्र दोहोंकडील अर्थ सारखे राहिलेले नाहींत. 'डिसमिस' हें इंग्रजी क्रियापद उर्दूच्या द्वारें समजून घेऊं लागलें असतां हा भेद स्पष्ट होतो, व जुने कागद वाचणारांस तो उपयोगी पडतो.

या क्रियापदाचें मूळ लॅटिन आहे. 'दिस्' म्हणजे निरनिराळ्या दिशांस, व 'मित्तेरे' म्हणजे पाठविणें. संस्कृतांत 'वि' उपसर्गपूर्वक 'सृज्' धातूपासून झालेलें 'विसर्जन' अर्थानें याच जातीचें आहे. परंतु इंग्रजींत नोकर, दावा आणि सभा या तिहींनाही हें एकच क्रियापद लागतें. आपला विद्यार्थी 'काढून टाकणें' एवढा एक अर्थ पाठ करितो आणि सभेपाशीं अडतो.

येथें उर्दू वाट दाखविते. तींत नोकर 'बरतरफ' होतो, मुकदमा 'खारिज' होतो आणि मजलिस 'बरखास्त' होते. 'बरतरफ' म्हणजे एका बाजूस सारलेला. यांतील 'बर' हा फारसी शब्द संस्कृत 'उपरि' याचा सगोत्र असून 'तरफ' अरबी आहे. 'खारिज' म्हणजे बाहेरचा. आपला 'खर्च' शब्दही त्याच अरबी धातूचा, म्हणजे बाहेर गेलेलें द्रव्य. 'बरखास्तन्' म्हणजे उठणें. बाजूस सारणें, बाहेर ठेवणें व उठणें, अशा तीन निराळ्या क्रिया इंग्रजीनें एका शब्दांत कोंबल्या आहेत.

तथापि उर्दूंत व हिंदींत नोकरासही 'बरखास्त' करितात. मराठींत तसें करीत नाहींत. मराठीनें 'बरतर्फ'चा 'बडतर्फ' करून तो शब्द नोकरासाठीं राखला, व 'बरखास्त' सभेस दिला. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांत सेवेतून काढून टाकणें व बडतर्फ करणें या दोन भिन्न शिक्षा आहेत. पहिलीनें पुढील सरकारी नोकरीस बाध येत नाहीं, दुसरीनें सामान्यतः येतो.

संग्राहकांनीं सावध राहावयाचें तें 'बरखास्त' शब्दाविषयीं. आज 'विधानसभा बरखास्त झाली' म्हणजे ती संपुष्टांत आली. पण जुन्या पत्रांत 'दरबार बरखास्त जाला' असें आढळल्यास त्या दिवसाची बैठक उठली, इतकाच अर्थ प्रथम घ्यावा; दुसऱ्या दिवशीं तोच दरबार पुन्हां भरावयाचा असे. आजचा अर्थ तेथें लावल्यास एका साध्या रोजच्या घटनेचें राज्यक्रांतींत रूपांतर होईल. उलट 'बरतर्फ' शब्द दिसतांच कोणाची नोकरी गेली असेंही समजूं नये. मूळ फारसींत तंटा किंवा अडथळा दूर सारण्यासही तो चालतो. कोणाविषयीं वा कशाविषयीं तो योजिला आहे, हें आधीं पाहावें.

माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' अशा वेळीं जवळ असावा. शब्द ओळखीचा वाटतो तेथेंच तो अवश्य उघडावा. अनोळखी शब्दापाशीं वाचक आपण होऊनच थांबतो.