जळालेली यादी आणि आरएचआयटी

विषय करिअरचा आहे, पण सुरुवात करूया 1919 सालच्या न्यूयॉर्कपासून.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने शंभर किंवा जास्त खाटांची 692 हॉस्पिटलं तपासली होती. एक मुख्य निकष होता: प्रत्येक पेशंटची पूर्ण आणि अचूक नोंद. पास किती? फक्त 89! नापासांत मोठमोठी नावं होती. यादी पेपरवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून ती वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळली, असं सांगतात.

यादी जळाली, प्रश्न उरला. नोंदी सांभाळायच्या कुणी? डॉक्टर घाईत, नर्स कामात. आमच्या आयटीत कोड सगळे लिहितात आणि डॉक्युमेंटेशनला कुणी हात लावत नाही, अगदी तसंच. त्यातून ‘मेडिकल रेकॉर्ड लायब्रेरियन’ या कामाला वजन आलं. 1928 मध्ये सर्जन्सच्याच पाठिंब्याने त्यांची संघटना झाली. पहिल्या अध्यक्ष होत्या ग्रेस व्हायटिंग मायर्स, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या. तीच संघटना 1991 पासून अहिमा म्हणून ओळखली जाते.

पुढे टेक्निशियनसाठी वेगळं सर्टिफिकेट आलं. आधी नाव होतं ‘अ‍ॅक्रेडिटेड रेकॉर्ड टेक्निशियन’, आता ‘रजिस्टर्ड हेल्थ इन्फर्मेशन टेक्निशियन’, म्हणजे आरएचआयटी. ‘रेकॉर्ड’ जाऊन ‘इन्फर्मेशन’ आलं, कारण कामच बदललं. 2009 च्या हायटेक कायद्याने हॉस्पिटलांना डिजिटल रेकॉर्डसाठी पैसे दिले. 1 ऑक्टोबर 2015 पासून तिथे आयसीडी-10 चे कोड लागू झाले आणि आधीच्या सुमारे 14 हजार निदान-कोडांच्या जागी 68 हजारांहून जास्त कोड आले. एक कोड चुकला की बिल अडकतं, आणि पेशंटच्या इतिहासात नसलेला आजार कायमचा चिकटू शकतो.

आता आपल्या कामाचं. भारतात बसून अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग करणारी मंडळी भरपूर आहेत. पण कोडिंगचं सर्टिफिकेट वेगळं, आरएचआयटी वेगळं! आरएचआयटीला साधारणपणे मान्यताप्राप्त कोर्सची असोसिएट डिग्री लागते, मगच परीक्षा. त्यामुळे क्लासवाला ‘तीन महिन्यांत आरएचआयटी’ म्हणाला, तर फी भरण्याआधी अहिमाच्या साइटवर पात्रता स्वतः वाचा.

भेटू पुढच्या भागात!