नटाचे खरेपण आणि समाजाची दृष्टी

नाटकाची आवड आणि नटाविषयीचा अनादर या दोन गोष्टी आपल्या समाजात फार प्राचीन काळापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. मनुस्मृतीने कुशीलवाला साक्षीदार म्हणून अपात्र ठरविले आहे. पतंजलीच्या महाभाष्यात नटांच्या स्त्रियांचा उल्लेख हेटाळणीच्या सुरात येतो. नाट्याला पाचवा वेद म्हणून गौरविणाऱ्या नाट्यशास्त्रालाही आपल्या अखेरच्या भागात भरतपुत्रांना मिळालेल्या शापाची कथा सांगावी लागली. ऋषींची थट्टा केल्यामुळे त्यांना हीनत्व आले, अशी ती कथा आहे. विद्येला वेदाचा मान आणि ती जगणाऱ्याला शाप, ही विसंगती त्या ग्रंथकारालाही जाणवली असली पाहिजे.

या अनादराच्या मुळाशी अनेक कारणे आहेत. भटके जीवन, राजाश्रयाची परवशता, जातिव्यवस्था ही त्यांपैकी काही होत. परंतु एक कारण तात्त्विक आहे. नट जे दाखवितो ते त्याचे स्वतःचे नसते, म्हणून तो खोटा, असा हा आक्षेप आहे. आपल्या शास्त्रकारांनी त्याचा विचार बारकाईने केला आहे. जो दुःखी नाही त्याने दुःखाचे अश्रू कसे आणावेत, हा प्रश्न भरताने सात्त्विक भावांच्या प्रकरणात उपस्थित केला आणि सत्त्व हे मनाच्या एकाग्रतेतून उत्पन्न होते, असे उत्तर दिले. अभिनवगुप्ताने याहून वेगळी बाजू पुढे मांडली. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते सार्थ आहे. मद्याचा आस्वाद भांड्याला नसतो, पिणाऱ्याला असतो, तसा रसास्वाद प्रेक्षकाचा. पुढे विश्वनाथाने थोडी सवलत दिली : काव्यार्थाचे भावन करणारा नट त्या वेळी स्वतःच रसिक होतो. या तिन्ही मतांत भेद असला, तरी नटाला खोटारडा कोणीच म्हणत नाही. त्याचे खरेपण कोठे शोधावे, एवढाच वाद आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास या वादाच्या प्रकाशात वाचण्यासारखा आहे. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. 1851 मध्ये आश्रयदाता गेल्यावर मंडळीला गावोगाव हिंडणे प्राप्त झाले आणि राजसभेतील खेळ तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांपुढे आला. बेळगाव प्रांतातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा सुशिक्षितांच्या मनातील अढी पुष्कळ सैल झाली. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या गायनाने तर लोक वेडे झाले. तरीही आपला मुलगा नाटकात जावा, असे त्या काळी फारच थोड्या घरांतून म्हटले जाई.

‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग 1911 च्या मार्चमध्ये मुंबईस झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या निवर्तली. ते भामिनीची भूमिका करावयास उभे राहिले. ही घटना पुष्कळदा त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात आपल्या प्रश्नाचे उत्तरही आहे. ज्याचे अंतःकरण त्या क्षणी सर्वस्वी दुसरीकडे होते, त्याने भामिनीचा तोरा दाखविला, तो खोटा म्हणावयाचा काय? भावनेच्या खरेपणाने मोजले तर तो प्रयोग खोटा ठरेल. कामावरील निष्ठेने मोजले, तर त्याहून खरे असे फार थोडे सापडेल. पुढे 1921 मध्ये गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर कोसळला, तेव्हा तो बोजा बालगंधर्वांनी आपल्या शिरावर घेतला. सोंगे करणाऱ्याचा शब्द कच्चा असतो, या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र समाजाने अधिक कठोर माप वापरले. पुरुषाने स्त्रीभूमिका केली तर ती कला. स्त्रीने केली तर तिच्या शीलाची चर्चा. गोव्यातील देवळांच्या आश्रयाने गायन-नृत्य जोपासणाऱ्या कलावंत घराण्यांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात उभ्या राहिल्या. हिराबाई बडोदेकरांनीही त्याच सुमाराच्या वर्षांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा मार्ग मोकळा केला. स्त्रीची भूमिका स्त्री करते म्हणून तो अभिनय आपोआप खरा ठरला, असे नव्हे. त्यांनाही तीच साधना करावी लागली. बदलले ते एवढेच, की त्या साधनेचा अधिकार त्यांना मिळाला.

सारांश, नटाकडे आपण दोन निरनिराळ्या गोष्टी मागत आलो. त्याने खरोखर रडावे आणि त्याच वेळी आपली ओळ, आपला सूर आणि आपली जागा चुकवू नये. एकाग्र मन म्हणून भरताने जे सांगितले, त्यात या दोन्ही मागण्यांचा मेळ बसतो. एकाग्रता ही कमावावी लागते, आणि कमावलेल्या गोष्टीला ढोंग म्हणणे अन्यायाचे आहे. शतकानुशतके नटाला पंक्तीबाहेर बसवून त्याच्या अश्रूंनी आपले डोळे ओले करणाऱ्या समाजाने खरेपणाचा प्रश्न नटाला विचारण्यापूर्वी स्वतःला विचारावयास हवा होता.